पत्रा उडतो का?

3 जून 2020 ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला धडकलं. वाऱ्याचा वेग ताशी 100-110 किमी. श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंत घरांची कौलं, पत्रे उडाले.

घरं पुन्हा उभी करायला हात स्वयंसेवकांचे. पण सामान कुणाचं? कंपनी कायद्यानुसार मोठ्या कंपन्या नफ्याचे किमान 2% समाजासाठी खर्च करतात. त्या यादीत आपत्तीनंतरची पुनर्बांधणी मे 2019 मध्येच आली होती. म्हणजे हिंजवडीतल्या कंपनीला ताम्हिणी उतरून कोकणात पत्रे द्यायला वाट मोकळी होती.

आता थोडं भौतिकशास्त्र. वादळ छप्पर दाबत नाही, बहुतेकदा वर ओढतं. ताशी 110 किमीला ही ओढ, ढोबळमानाने, दर चौरस मीटरला 55 किलो. म्हणजे दहा बाय साडेतीन फुटी पत्र्यावर पावणेदोनशे किलो! पत्र्याचं स्वतःचं वजन वीस किलोही नसतं. त्याला धरून ठेवतात ते हुक आणि बोल्ट.

मे 2021 मध्ये, वर्षही पुरं व्हायच्या आत, ‘तौक्ते’ त्याच किनाऱ्याजवळून गेलं. म्हणून मदतीचा हिशेब वाचताना तुम्हीही विचारा: पत्रे किती दिले ते कळलं, हुक किती दिले?