यवतमाळात मुलं, वाघ आणि 'शकुंतला' यांच्यासाठी आपण काय करू शकतो?

वाढदिवस, पुण्यतिथी किंवा १५ ऑगस्ट आला की व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरलेले फोटो येतात. बालगृहातली मुलं ओळीत उभी, हातात वही-पेन, बाजूला हसरे पाहुणे. कॉलेजात असताना आम्हीही असा फोटो टाकला होता. लाइक भरपूर मिळाले. तो कायद्यात बसत नव्हता, हे पत्रकारितेत आल्यावर कळलं.

बाल न्याय कायदा, २०१५ मधलं कलम ७४ सांगतं की, काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख पटेल असा फोटो, नाव, पत्ता किंवा शाळा जाहीर करता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणजे मदत करा, पण मुलांचे चेहरे पोस्ट करू नका.

मग मदत कशी करायची?

पैशांआधी कागद

शेतकरी आत्महत्यांमुळे यवतमाळचं नाव देशभर गेलं. अशा कुटुंबाला सरकार एक लाख रुपये देतं, पण कर्ज, नापिकी असे निकष तपासून. त्यात अनेक प्रकरणं 'अपात्र' ठरतात आणि घरच्यांना वाटतं, आता काहीच मिळणार नाही.

इथेच बालसंगोपन योजना उपयोगी पडते. तिचं आताचं नाव क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. आई किंवा वडील गेले असतील, तर १८ वर्षांखालच्या मुलासाठी दरमहा २,२५० रुपये मिळू शकतात. मृत्यू आत्महत्येने झाला की आजाराने, कर्ज होतं की नव्हतं, हा इथे मुद्दाच नाही. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात द्यायचा, निर्णय बालकल्याण समिती घेते.

अडचण असते ती कागदांची. मृत्यूचा दाखला, मुलाचं आधार, शाळेचं बोनाफाईड, उत्पन्नाचा दाखला, बँकेचं पासबुक. मजुरी बुडवून एकट्या बाईने यासाठी किती खेटे घालायचे? तुमच्या गल्लीत, गावात असं एखादं घर असेल तर एक दिवस त्यांच्यासोबत जा. जुन्या कपड्यांच्या गाठोड्यापेक्षा हा एक दिवस मोलाचा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

संस्थेला देणगी द्यायची असेल तर बाल न्याय कायद्याखालची नोंदणी विचारा, पावती घ्या आणि काय हवंय ते आधी फोन करून विचारा. संकटातलं मूल दिसलं किंवा बालविवाहाची कुणकुण लागली, तर १०९८ हा मोफत नंबर २४ तास चालतो. आणि 'अनाथ बाळ दत्तक द्यायचंय, संपर्क साधा' असे मेसेज पुढे पाठवू नका. दत्तक प्रक्रिया 'कारा' या केंद्रीय यंत्रणेच्या नियमांनीच होते. परस्पर मूल देणं-घेणं गुन्हा आहे.

वाघ शेतातूनच जातो

पांढरकवड्याजवळचं टिपेश्वर अभयारण्य साधारण १४८ चौरस किलोमीटरचं. म्हणजे लहानच. इथल्या एका तरुण वाघाला २०१९ मध्ये रेडिओ कॉलर लावली होती. तो महाराष्ट्र आणि तेलंगणातून ३,००० किलोमीटरहून अधिक चालला आणि बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. वाट बहुतेक शेतशिवारातूनच. त्याच्या आदल्याच वर्षी याच भागात अवनी वाघिणीला गोळी घातली गेली होती. १३ माणसांच्या मृत्यूंसाठी तिला जबाबदार धरलं होतं. त्यामुळे इथे 'वाघ वाचवा' हे वाक्य शहरातल्यासारखं सहज निघत नाही.

तरी करण्यासारखं बरंच आहे. वाघाने गाय-बैल मारला तर ४८ तासांच्या आत वनविभागाला कळवायचं आणि मृत जनावर जागेवरून हलवायचं नाही. भरपाईसाठी पंचनामा लागतो. तो झाला नाही तर राग वाढतो, आणि रागाच्या भरात कोणी मढ्यावर विष टाकलं की वाघही जातो. वनविभागाची हेल्पलाइन १९२६. वन्यप्राणी विहिरीत पडला, तारेचा फास दिसला, तरी हाच नंबर. कुंपणात थेट वीज सोडणाऱ्या शेजाऱ्याला समजावा. त्यात माणसंही मरतात.

वाघ दिसल्याचा व्हिडिओ लगेच लोकेशनसह टाकू नका. शिकाऱ्यालाही तो दिसतो, आणि बघ्यांची गर्दी तर तासाभरात जमते.

'शकुंतला'च्या आठवणी कोणाकडे आहेत?

यवतमाळ ते मूर्तिजापूर ही नॅरोगेज लाइन १९०३ ची. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने कापूस वाहून नेण्यासाठी टाकलेली. वाफेचं इंजिन थेट १९९४ पर्यंत धावलं. आता गाडी बंद आहे, पण तिने प्रवास केलेले आजी-आजोबा अजून आहेत. त्यांचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करा, त्यांच्या परवानगीने. जुने फोटो असतील तर स्कॅन करून ठेवा. आपण स्वतः काढलेले फोटो विकिमीडिया कॉमन्सवर चढवता येतात.

कोलामी बोलणारे शेजारी असतील तर त्यांच्याकडून चार शब्द शिका. मराठीपेक्षा ती वेगळ्या, द्रविड कुळातली भाषा आहे. गावच्या हेमाडपंती मंदिराला ऑइल पेंट लावायची वर्गणी निघाली, तर आधी पुरातत्त्व विभागाला विचारू या, असं बैठकीत म्हणा. थोडी कुरबुर होईल. पण दगडावर एकदा बसलेला रंग कोरीव काम न खरवडता काढणं फार कठीण असतं.