एंगेल (मार्क्सचा दोस्त नव्हे!)

परवा ऑफिसात रिग्रेशन केलं: उत्पन्नावरून किराण्याचा अंदाज. रेघ शून्यातून काढली, म्हणजे सगळ्या घरांना एकच टक्का. गरीब घरं माझ्या स्क्रीनवर अर्धपोटी!

मग एर्न्स्ट एंगेल आठवला. हाही शिक्षणाने इंजिनिअर, खाणींचा. १८५७ साली त्याला सॅक्सनीतल्या लोकांचा खर्च काढायचा होता, पण हाताशी हिशेब बेल्जियमच्या कामगारांचे, द्युक्पेस्योने जमवलेले. सरकारी मदतीवरची कुटुंबं खर्चातले सुमारे ७१ टक्के खाण्यावर घालवत, मदतीविना कसंबसं भागवणारी ६७, जरा बऱ्या स्थितीतली ६२. पगार दुप्पट झाला म्हणून पोट थोडंच दुप्पट होतं? त्यावरून पठ्ठ्याने सॅक्सनीचा अंदाज बांधला. गाल्टनचा 'रिग्रेशन' शब्द यायला अजून पंचवीसेक वर्षं होती.

असो. सोमवारी आधी गट वेगळे करतो.