आधी नाव, मग मलम

त्वचारोगाच्या ओपीडीत रुग्ण खुर्चीवर टेकायच्या आतच निदान सांगून मोकळा होतो. ‘गजकर्ण झालंय, डॉक्टर.’ ‘अंगावर पित्त उठतंय.’ ‘ही नागीणच ना?’ हृदयाच्या डॉक्टरांना ही सोय नाही; माझी झडप गळते आहे, असं घरून ठरवून कुणी येत नाही. कातडी मात्र सगळ्यांना दिसते, म्हणून तिच्याबद्दल सगळ्यांचं मत असतं. सासूचं असतं, शेजारणीचं असतं, न्हाव्याचं असतं, आणि सर्वांत वजनदार मत औषधाच्या दुकानात काउंटरपलीकडे उभ्या असलेल्या माणसाचं असतं.

या मतांचा मला राग येत नाही. त्वचाशास्त्राच्या पहिल्याच धड्यात विद्यार्थ्याला जे शिकवतात, त्यातलं बरंचसं मराठी घरात आधीपासून बोललं जातं. बोट फिरवलं तर हाताला न लागणारा, नुसता रंगातला फरक म्हणजे डाग. किंचित उंच आणि पसरट असेल तर चट्टा. बारीक आणि टणक ती पुळी, तिच्यात पाणी भरलं की पुटकुळी, मोठी झाली की फोड. खोलवर पू धरला की गळू, आणि ते केसाच्या मुळाशी असलं तर केसतूड. अचानक उठते आणि काही तासांत मागमूस न ठेवता विरते ती गांधी. सुटतो तो कोंडा, धरते ती खपली. लंडनमध्ये रॉबर्ट विलन यांनी १७९८ ते १८०८ या काळात रंगीत चित्रांसह त्वचारोगांचं वर्गीकरण छापलं, त्याचा पाया नेमका हाच होता: कारण ठाऊक नसेल तर रोग दिसतो कसा, हे तरी काटेकोरपणे सांगा. आपल्या आज्यांकडे वर्गीकरण नव्हतं, पण शब्द होते. या पुस्तकात ते सगळे ठेवले आहेत. परिभाषा कोशातले संस्कृत प्रतिशब्द, क्वचित अपवाद सोडला तर, घेतलेले नाहीत.

मात्र काही नावं फार महाग पडली आहेत. ‘कुष्ठ’ हे त्यांतलं सर्वांत महाग. चरकसंहितेत कुष्ठाचे अठरा प्रकार सांगितले आहेत आणि त्यांत दद्रू, पामा, विचर्चिका अशी नावं येतात. म्हणजे आज आपण ज्यांना नायटा, खरूज, इसब म्हणू, तसे विकारही त्या एका शब्दात मावत होते. पुढे तो शब्द आकसत आकसत महारोगापुरता उरला. त्याला चिकटलेली भीती मात्र आकसली नाही. त्याच शब्दापासून आलेलं ‘कोड’ वेगळ्याच आजाराला लागलं, आणि कुणीतरी त्याचं ‘पांढरं कुष्ठ’ असं भाषांतर करून गोंधळ पुरा केला. प्रत्यक्षात कोड म्हणजे शरीराच्या संरक्षण यंत्रणेने आपल्याच रंगपेशींवर केलेला हल्ला. ते स्पर्शाने पसरत नाही आणि मासे खाऊन दूध प्यायल्यानेही होत नाही. पांढऱ्याशुभ्र डागावर कापसाचा बोळा फिरवला तर तो कळतो. कुष्ठरोगाचा चट्टा सहसा नुसता फिकट असतो आणि तिथे बऱ्याचदा बोळा कळत नाही. एवढ्या एका परीक्षेने कितीतरी घरांतली रडारड थांबली असती. कुष्ठरोगाचा जंतू हॅन्सेन यांनी नॉर्वेत १८७३ मध्ये दाखवला, बहुविध औषधोपचाराची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये केली, सहा ते बारा महिन्यांच्या गोळ्यांनी हा रोग बरा होतो आणि त्या फुकट मिळतात. तरीही कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण मानणारी तरतूद आपल्या कायद्यात २०१९ पर्यंत होती. नावाचं ओझं जंतूपेक्षा चिवट निघालं.

नागिणीचं उलट आहे. नाव सुंदर आणि निरीक्षण अचूक, फक्त निष्कर्ष चुकलेला. लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू मणक्याजवळच्या मज्जातंतूंच्या मुळाशी दडून राहतो आणि वय झालं किंवा प्रतिकारशक्ती खालावली की एखाद्या मज्जातंतूच्या वाटेने कातडीवर उतरतो. म्हणून पुटकुळ्यांचा पट्टा वळसा घेत जातो, अगदी नागिणीसारखा. तोंड आणि शेपूट भेटलं की माणूस जातो, या समजुतीने लोक घाबरतात. पण मज्जातंतू शरीराच्या एकाच बाजूचा असतो, त्यामुळे पट्टा मध्यरेषेपाशी थांबतो. ती भेट सहसा होतच नाही. घाबरायचं ते दुसऱ्याच गोष्टीला. विषाणूविरोधी गोळ्या पुरळ उठल्यापासून ७२ तासांत सुरू झाल्या तर सर्वांत उपयोगी, आणि ते तीन दिवस गेरूचा लेप देण्यात जातात. नाकाच्या शेंड्यावर पुटकुळी दिसली तर एक दिवसही थांबू नये. तोच मज्जातंतू डोळ्याकडेही जातो.

आता नायटा, म्हणजेच गजकर्ण. या पुस्तकातलं सर्वांत लांब प्रकरण त्याचं आहे आणि त्याबद्दल मी क्षमा मागणार नाही. नायट्याची बुरशी कातडीच्या वरच्या थरातल्या केराटिनवर जगते. ती बाहेरच्या बाजूला सरकत जाते आणि मागे मधला भाग निवळत जातो, म्हणून कडेला लाल, कोंडा सुटणारी कड असलेलं कडं तयार होतं. हे कडं हीच त्याची ओळख. आता दुकानातून आणलेल्या एखाद्या ट्यूबचं काय होतं ते पाहा. तिच्यात बुरशीचं औषध असतं, जंतूंचं औषध असतं आणि जोडीला तीव्र स्टिरॉइड असतं. स्टिरॉइड शरीराचा प्रतिकार दाबतं, त्यामुळे दोन दिवसांत खाज थांबते आणि ट्यूबची कीर्ती घरभर होते. पहारेकरी झोपवल्यावर बुरशी मात्र निवांत वाढते. महिन्याभराने रुग्ण येतो तेव्हा कड पुसलेली असते, चट्टे जांघेतून पोटापर्यंत पोचलेले असतात, मांड्यांवर कधीच न जाणाऱ्या रेघा उमटलेल्या असतात, आणि बायकोला, मुलांना, सगळ्यांना लागण झालेली असते. मलमाने रोग गेला नाही, रोगाची ओळख गेली. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा अनेक स्टिरॉइड मलमांना डॉक्टरांच्या चिठ्ठीचं बंधन घातलं. कागदावर. दरम्यान टर्बिनाफिन या भरवशाच्या औषधाला दाद न देणारी बुरशी आपल्याकडे बोकाळली. २०२० मध्ये तिला स्वतंत्र नाव मिळालं, ट्रायकोफायटन इंडोटिनी. त्यातला ‘इंडो’ कुठून आला, हे सांगायला नको.

नायट्याशी आपलं नातं जुनं आहे. पावसाळ्यात ज्याची भाजी करतात त्या टाकळ्याला संस्कृतात दद्रुघ्न म्हणतात, म्हणजे नायटा मारणारा. एकोणिसाव्या शतकात मुंबईत त्यासाठी ‘गोवा पावडर’ विकली जाई. ती गोव्याची नव्हती. ब्राझीलच्या अरारोबा झाडाच्या गाभ्यातली ही पूड पोर्तुगीजांमुळे गोव्यात आली होती. १८७०च्या दशकात बॅल्मॅनो स्क्वायर या इंग्रज डॉक्टरांना तिचा सोरायसिसवर उपयोग दिसला. पहिल्या महायुद्धात ब्राझीलहून येणारा माल अडला, तेव्हा १९१६ मध्ये जर्मनीत तिला पर्याय म्हणून डायथ्रेनॉल तयार झालं, आणि सोरायसिसच्या उपचारात ते पुढे अनेक दशकं टिकून राहिलं. टाकळ्यात आणि त्या पुडीत सापडणारी रसायनं एकाच कुळातली आहेत. यावरून सगळं आपल्याला आधीच माहीत होतं, असा अर्थ कृपया काढू नये. टाकळ्याने नायटा किती बरा होतो, हा प्रश्न वेगळा आहे आणि तो तपासूनच सुटतो.

संपर्काने उठणाऱ्या इसबाचं प्रकरण मला लिहायला सर्वांत गंमतीचं वाटलं, कारण तिथे डॉक्टरला थोडं गुप्तहेर व्हावं लागतं. कपाळावर बरोबर टिकलीएवढाच पांढरा डाग असेल तर गुन्हेगार टिकलीच्या गोंदात असतो. त्यातलं एक रसायन रंगपेशी मारतं. टाचेच्या भेगांवर लावलेला बिब्बा उतला तर फोड टाचेपुरते राहत नाहीत. पापण्या, मान आणि कोपराच्या खोबणी, म्हणजे हवेतली धूळ साचेल अशा जागा काळवंडल्या असतील, आणि माणूस शेतात राबणारा असेल, तर गाजर गवताची आठवण व्हावी. हे अमेरिकेतलं तण १९५०च्या दशकात पुण्यात नजरेस आलं आणि तिथून सगळीकडे पसरलं. अशा रुग्णाला मलम किती द्यायचं हा पुढचा प्रश्न. त्याच्या बांधावर काय वाढतंय, हा पहिला.

एक तक्रार पाठ्यपुस्तकांविषयी. ती लिहिली गेली गोऱ्या कातडीवर, त्यामुळे पानोपानी ‘लाल’ हा शब्द येतो. सावळ्या अंगावर तीच सूज जांभळट, करडी किंवा नुसतीच काळसर दिसते, आणि बरी झाल्यावर महिनोन्महिने काळा डाग मागे ठेवते. रुग्ण त्या डागालाच रोग समजून आणखी एक ट्यूब आणतो. या पुस्तकातली चित्रं म्हणून आपल्या रंगाची आहेत.

मुरूम, वांग, घामोळं, चामखीळ, चिखल्या यांची प्रकरणं मुद्दाम आटोपशीर ठेवली आहेत. सोरायसिसचं तसं करता आलं नाही. तिथे एरवी महिन्याभरात पिकून गळणारी कातडी तीन-चार दिवसांतच वर येते; तो आटोक्यात राहतो, पण ‘मुळापासून घालवतो’ म्हणणाऱ्यांच्या जाहिराती रुग्णाला दमवतात. ते प्रकरण रुग्णाच्या घरच्यांनीही वाचावं.

सुरुवात खरजेने केली आहे. खरजेचा किडा बोनोमो आणि चेस्तोनी या इटालियन जोडीने १६८७ मध्येच सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्याचं वर्णन केलं होतं. तरी पुढची दीडशे वर्षं मोठमोठ्या डॉक्टरांना तो सापडेना, आणि तो नसतोच असंही म्हटलं जाऊ लागलं. १८३४ मध्ये रेनुची नावाच्या कॉर्सिकन विद्यार्थ्याने पॅरिसच्या रुग्णालयात सर्वांसमक्ष सुईच्या टोकावर तो काढून दाखवला. ही युक्ती त्याच्या गावाकडच्या बायकांची होती. डॉक्टर पुटकुळीत शोधत होते. किडा तिथे नसतो. बोटांच्या बेचक्यात केसाएवढी बारीक, वाकडी रेघ दिसते, तिच्या टोकाला तो बसलेला असतो. पहिल्या प्रकरणातलं पहिलं चित्र त्या रेघेचं आहे.