उभ्यानं प्यायलेला चहा

आबाजींकडे चिमूरच्या दोन गोष्टी होत्या आणि त्या सांगायच्या जागाही ठरलेल्या होत्या. बेचाळीसची गोष्ट हॉटेलात सांगायची. तीही मोठ्यानं, शेजारच्या बाकड्यावरच्यानं चहा थांबवून ऐकावी अशी. कलालीची गोष्ट मात्र घरी, रात्री, कंदिलाची वात खाली केल्यावर. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा असेन. दोन्ही गोष्टी सारख्याच आवडीनं ऐकायचो. त्यांत तिसरी एक गोष्ट गाळलेली आहे, हे कळायला मला चाळिशी गाठावी लागली.

हॉटेल म्हणजे मुक्कामाची जागा नव्हे, हे बाहेरच्या वाचकासाठी सांगून ठेवतो. आमच्याकडं हॉटेल म्हणजे तोंडाशीच भट्टी, तिच्यावर बुडाला काजळलेलं पातेलं, शेजारी आलूबोंड्याची परात आणि आत धुरानं काळ्या पडलेल्या कवेलूंखाली चार बाकडी.

पण त्याआधी कलाली होती.

आबाजींच्या लहानपणी, म्हणजे १९३०च्या मागंपुढं, ती वस्तीच्या कडेला होती. मातीच्या भिंती, पुढं ओटा, ओट्याला दोन पायऱ्या. वरच्या पायरीवर बसणारे वेगळे, खालच्या पायरीवरचे वेगळे आणि चिंचेखाली जमिनीवर बसणारे आणखी वेगळे. आत जाऊन पिणारा एखादाच मालगुजार. दारू पळसाच्या पानांच्या द्रोणात मिळायची, सोबत फुटाणे. द्रोण गळायच्या आत रिकामा करावा लागे, म्हणून माणसं भराभर पीत आणि भराभर बोलत, असं आबाजींचं म्हणणं. मी विचारायचो, बोलत काय? ते हसायचे. "कलालीत बसलेला मानूस बोलते लय, पोरा. आयकते कोनीच नाही."

दारू मोहाची. तिचं मूळ आमच्या आजीच्या टोपलीत होतं.

फाल्गुन सरता सरता मोह फुलतो. फूल रात्री गळतं. पहाटे झाडाखाली पाहावं तर पिवळसर पांढऱ्या, गुबगुबीत, मधोमध भोक असलेल्या मण्यांचा सडा. वास गोड, पण त्या गोडव्याच्या तळाशी काहीतरी आंबूस, रात्रभर झाकून ठेवलेल्या भातासारखं. आजी लग्नाआधी आईबरोबर आणि लग्नानंतर सासूबरोबर अंधारातच निघायची. फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा आदल्या दिवशी जाळून ठेवायचा. (त्या जाळानं जंगल पेटतं म्हणून वनखातं आजही ओरडतं आणि त्यात तथ्य आहे.) अस्वलालाही मोह आवडतो, वाघ तर ताडोब्याचा शेजारीच. म्हणून बाया एकटीदुकटीनं जात नसत, सहा-सात जणी मिळून जात. वाकून वेचताना सारख्या बोलत राहायच्या, आवाजानं जनावर लांब राहतं म्हणून. टोपली भरली की फुलं अंगणात वाळत घालायची. दोन-तीन उन्हांत ती बेदाण्यासारखी आक्रसून तपकिरी होत. थोडी घरी ठेवायची, भाकरीच्या पिठात घालायला, गाईला चारायला. उरलेली व्यापाऱ्याच्या मापात. पावसाळ्याआधी फळं आली की बियांची टोरी आणि तिचं तेल.

पुढचं काम आजीनं कधी केलं नाही, पण तिला ते तोंडपाठ होतं. वाळली फुलं मडक्यात पाण्यात टाकायची, फसफसून फेस धरेपर्यंत चार-सहा दिवस ठेवायची. मग मडकं चुलीवर, त्याच्या तोंडावर दुसरं भांडं, सांध्याला मातीचा लेप, बांबूची नळी आणि वाफ थंड करायला गार पाणी. पहिली धार सगळ्यात तिखट. गोंड-माना घरांत हे काम वर्षानुवर्षं घरोघरी चालत आलेलं. मूल जन्मलं, लग्न ठरलं, माणूस गेला की आधी थोडी देवाला आणि पूर्वजांना, मग माणसांना. सरकारनं त्यात हात घातला तो महसुलासाठी. आधी भट्ट्यांचे लिलाव, पुढं ठरावीक ठिकाणी गाळून परवान्याच्या दुकानात विकायची पद्धत आणि १९१५च्या मध्यप्रांत आबकारी कायद्यानं सगळं पक्कं झालं. घरच्या चुलीवर देवासाठी गाळली तर गुन्हा, दुकानातून पैसे देऊन आणली तर कायदेशीर. ज्या फुलासाठी आजी अस्वलाच्या वाटेवर जायची, त्याचं पाणी तिच्याच सासऱ्याला कलालीत विकत मिळायचं. या हिशेबाला ती फक्त "हूं" म्हणायची.

आजी कलालीची पायरी कधी चढली नाही. कुठलीच बाई चढली नसेल असं नाही. मोलमजुरी करणाऱ्या कितीतरी बाया चिंचेखाली बसत. पण आमच्या घराच्या तोलामोलाच्या चढत नसत.

चहा आला तो आबाजींच्या मते माघातल्या घोडायात्रेत. कुणीतरी शहरी माणूस बंडी घेऊन आला, मोठ्या पातेल्यात उकळून फुकट वाटला, एकेक पुडीही दिली. गोष्ट जरा सजवलेली वाटते, पण तिला आधार आहे. चहाच्या निर्यातीवर १९०३ साली उपकर बसला आणि त्या पैशातून देशभर चहाचा प्रचार झाला. स्टेशनांवर कृतीच्या पाट्या लागल्या, बाजारात आणि जत्रांत फुकट कप वाटले गेले. आबाजींच्या वडलांनी पहिला घोट थुंकून टाकला म्हणे. दुसऱ्या वर्षी त्यांनीच पुडी मागून घेतली. मग बाजाराच्या रस्त्याला हॉटेल झालं, आणि हळूहळू वरच्या पायरीवरची माणसं कलाली सोडून तिकडं बसायला लागली. १९२१ साली नागपुरात दारूच्या दुकानांसमोर असहकाराची निदर्शनं झाली होती. तेव्हापासून खादी घालणाऱ्यानं कलालीत दिसणं बरं नव्हतं. बसायला आणि पेपर वाचायला जागा तर हवीच होती.

कॉफीचं नाव घेऊ नका. ती आमच्याकडं आजारी माणसाची, जायफळ घालून. मी कॉफीहाऊस पहिल्यांदा पाहिलं ते नागपूरला शिकायला गेल्यावर, सदरमध्ये. पगडी घातलेला वाढपी, जाड पांढरा कप, आणि एका कपावर दुपार काढणारे वकील, कवी, पुढारी. कॉफी बोर्डानं ही हॉटेलं बंद करायला घेतली तेव्हा कामगारांनीच १९५७ पासून सहकारी संस्था काढून ती चालवायला घेतली, हे तिथंच कळलं. तिथल्याच एका जुन्या मासिकात फिलाडेल्फियाच्या सिटी टॅव्हर्नबद्दल वाचलं. १७७३ साली उघडलेलं हे मद्यगृह मर्चंट्स कॉफी हाऊस म्हणूनही ओळखलं जायचं. १७७४ मध्ये वसाहतींचे प्रतिनिधी जमले तेव्हा दिवसाच्या सभेनंतरची खरी बोलणी तिथल्या टेबलांवर झाली. ४ जुलै १७७७ ला स्वातंत्र्याचा पहिला वाढदिवसही तिथंच साजरा झाला. पुढं आग लागली, १८५४ मध्ये इमारत पाडली, आणि १९७६च्या द्विशताब्दीसाठी ती पुन्हा तशीच बांधली. फिलाडेल्फियातल्या त्या बोलण्यांच्याही शंभर वर्षं आधी, १६७५च्या डिसेंबरात, इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सनं देशातली कॉफीहाऊसं बंद करण्याचा हुकूम काढला, कारण लोक तिथं बसून राजाबद्दल बोलतात. ओरड झाली आणि थोड्याच दिवसांत हुकूम मागं घ्यावा लागला.

सुट्टीत घरी येऊन मी हे आबाजींना मोठ्या उत्साहानं सांगितलं. अमेरिकेचं स्वातंत्र्य दारूच्या दुकानात ठरलं, आपलं कुठं ठरलं? आबाजींना प्रश्नच लागला. "कलालीत नाही. त्या दिवशी गावात कोनी थेंब घेतला नवता, लिहून घे." थेंबाबद्दल मी खात्री देत नाही. पण तुकडोजी महाराजांच्या खंजिरीनं या भागाची हवा बदलली होती हे खरं. गोंदोड्याची त्यांची तपोभूमी आमच्या तालुक्यातली. त्यांच्या भजनाला बसलेला माणूस उठला तो थेट प्रभातफेरीत, आणि महाराजांना पुढं बेचाळीसच्या ऑगस्टमध्येच अटक झाली. चिमूरची बैठक भजनाच्या सतरंजीवर भरली आणि उरलीसुरली हॉटेलच्या बाकड्यावर.

मग गोष्ट सुरू व्हायची. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमी. सकाळची फेरी. गोळीबार. सोळा वर्षांचा बालाजी रायपूरकर पडला. जमाव डाक बंगल्यावर गेला, बंगला पेटला. उपविभागीय दंडाधिकारी डुंगाजी, नायब तहसीलदार सोनवणे आणि आणखी दोघे मेले. इथं आबाजींचा आवाज नेहमी खाली यायचा. त्या चौघांबद्दल त्यांनी कधी फुशारकी मारली नाही. मग झाडं आडवी पाडली, पूल तोडले, आणि तीन दिवस चिमुरात इंग्रजांचं राज्य नव्हतं. आबाजी तेव्हा अठराचे. झाड पाडणाऱ्यांत ते होते, कुऱ्हाडीचा वण पायावर होता, तो दाखवला जायचा. हॉटेलवाला न सांगता कप पुन्हा भरायचा. आणि मग एकदम भन्साळींचं उपोषण. सेवाग्रामच्या भन्साळींनी चिमूरच्या चौकशीसाठी त्रेसष्ट दिवस अन्न घेतलं नाही, त्याची बातमी छापायला बंदी झाली म्हणून ६ जानेवारी १९४३ ला देशातल्या वृत्तपत्रांनी अंक बंद ठेवले, १२ जानेवारीला उपोषण सुटलं. मग फाशीच्या शिक्षा, अनसूयाबाई काळ्यांची धडपड, शिक्षा रद्द होणं.

भन्साळींनी उपोषण केलं कशासाठी, चौकशी कशाची, हे हॉटेलात कुणी विचारत नसे. १९ ऑगस्टला लष्कर गावात शिरलं, आणि आबाजींची गोष्ट तिथून थेट नोव्हेंबरातल्या उपोषणावर उडी मारायची.

ते तिथं नव्हते. लष्कर येतंय कळल्यावर गावातले जवान पुरुष जंगलात गेले, काही पकडले गेले. घरांत उरल्या त्या बाया, पोरं आणि म्हातारे. आजी तेव्हा बारा वर्षांची. माळ्यावर, तुरीच्या काड्यांमागं, तिला आणि तिच्या धाकट्या बहिणीला कोंबलं होतं. तिनं जे ऐकलं ते तिनं मला एकदाच सांगितलं. तेही आबाजी गेल्यावर, मोहफुलं वाळत घालताना, हात न थांबवता. मी ते इथं लिहिणार नाही. तिनं ते छापायला सांगितलं नव्हतं. एवढं सांगतो की त्या गोष्टीत गोळी नव्हती, झेंडा नव्हता, फक्त दारांचे आवाज होते. पुढं डॉक्टर मुंजे आणि रमाबाई तांबे गावात आले, बायांना विचारून घेतलं, आणि बाहेरच्या जगाला कळलं.

"तुम्ही बाया हे कुठं बोलायच्या?" मी विचारलं. तिनं हातातलं फूल दाखवलं. झाडाखाली. वेचताना. जनावर लांब राहावं म्हणून.

२०१० च्या डिसेंबरात दारूबंदी मागायला निघालेल्या बायांचा मोर्चा चिमुरातूनच निघाला. श्रमिक एल्गार संघटनेच्या पारोमिता गोस्वामींबरोबर हजारो जणी थेट नागपूरच्या अधिवेशनापर्यंत चालत गेल्या. शेजारच्या गडचिरोलीत १९९३ पासून बंदी होती, आमच्या जिल्ह्याला ती १ एप्रिल २०१५ ला मिळाली. मी बंदीचा आंधळा भक्त नाही. त्या सहा वर्षांत चोरटी दारू रात्रीच्या गाड्यांतून आली. नोव्हेंबर २०१८ मध्ये नागभीडजवळ अशाच एका गाडीनं पोलीस उपनिरीक्षकाला चिरडलं. मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळानं बंदी उठवली. उठवताना आकड्यांची चर्चा पुष्कळ झाली. चालत गेलेल्यांना कुणी पुन्हा विचारलं का, ते माझ्या वाचनात नाही.

मोर्चा निघाला त्या दिवशी आजी ऐंशीची होती. रस्त्याच्या कडेला उभी राहून ती पाहत होती. ऊन चढलं तशी मी तिला हॉटेलात चल म्हणालो, आबाजींच्याच, आता सिमेंटच्या छपराच्या. तिनं ओट्यापर्यंत येऊन आत डोकावलं. भिंतीवर गोळीबारातल्या हुतात्म्यांचे फोटो, खाली बाकडी, बाकड्यांवर सगळे पुरुष, मोर्चा पाहायला दारात जमलेले.

"इथंच बसत होते का थे?"

हो म्हणालो. ती आत आली नाही. पोऱ्यानं कप बाहेर आणून दिला. तिनं तो बशीत ओतला, फुंकर घातली आणि ओट्यावर उभी राहूनच प्याली, डोळे रस्त्यावर. बशी परत देताना म्हणाली, "साखर लय टाकते बाप्पा हा." आणि मोर्च्यातली कुणी ओळखीची दिसली असावी, ती पायरी उतरून तिच्या मागं चार पावलं गेली.