तळटीप ३ : नाताळातील गर्दी

३. लेखकाने वर्णिलेली कळंगुट-बागा किनाऱ्यावरची गर्दी नाताळाची कमी, वर्षअखेरीच्या सुट्टीची अधिक. गोव्यातील कॅथलिक नाताळाआधीचे चार रविवार 'आगमनकाळ' पाळतात. हा प्रायश्चित्ताचा, वाट पाहण्याचा काळ. म्हणून मिस्सेच्या वेळी पाद्रींची वस्त्रे जांभळी असतात. नेमके तेव्हाच हॉटेलांचे दर चढतात आणि पार्ट्यांचे फलक लागतात. घरोघरी मात्र गोठा सजत असतो : नाचणी पेरून तिचे हिरवे कोंब गव्हाणीभोवती कुरण म्हणून मांडतात. दोदोल, नेवऱ्या, बेबिंक यांचे वाण शेजारी, हिंदूंकडेही, जाते. यालाच कोंसुवाद म्हणतात. दुखवट्याच्या घरी गोडधोड करत नाहीत, तिथे शेजाऱ्यांचे ताट पोचते. हल्ली हे जिन्नस विकत आणतात. त्यात वावगे काही नाही, दोदोल घोटताना हात भरून येतात. या विकत आणण्यावरून 'सण उरला नाही, धंदा उरला' असे लेखक म्हणतो, ते घाईचे वाटते. नववर्षानंतर पर्यटक ओसरतात, नाताळकाळ मात्र संपलेला नसतो : ६ जानेवारीला रेइश मागुश, चांदर आणि कुएली येथे तीन राजांचे फेस्त होते, कुएलीला राजांच्या वेशातले तीन मुलगे घोड्यांवरून टेकडी चढून कपेलात येतात. – संपा.