दिनविशेष : १२ डिसेंबर
कॅरोलाइन इंगल्स

१८३९ साली आजच्याच दिवशी अमेरिकेतील विस्कॉन्सिन मुलखात, ब्रुकफील्ड येथे कॅरोलाइन क्वायनर यांचा जन्म झाला. बालवयातच पितृछत्र हरपलेल्या या मुलीने पुढे शिक्षिकेचा पेशा पत्करला आणि १८६० साली चार्ल्स इंगल्स यांच्याशी विवाह केला. नव्या जमिनीच्या ओढीने पतीने विस्कॉन्सिन, कॅन्सस, मिनेसोटा, आयोवा असा जो जो मुलूख गाठला, तेथे तेथे या साध्वीने नवा संसार मांडला. कॅन्ससमधील जमीन मात्र ओसेज लोकांच्या मालकीची होती व तीवर या वसाहतवाल्यांचा काडीचाही हक्क नव्हता, हेही येथे नमूद केले पाहिजे.

मिनेसोटात टोळधाडीने उभे पीक फस्त केले, १८७६ साली नऊ महिन्यांचा एकुलता मुलगा गेला आणि १८७९ साली थोरल्या मेरीची दृष्टी गेली. १८८०-८१ च्या हिवाळ्यात डाकोटातील डी स्मेट गावाची रेल्वे बर्फामुळे महिनोन्‌महिने बंद पडली, तेव्हा कॉफीच्या हातयंत्रात गहू भरडून आणि वाळल्या गवताचे पीळ चुलीत सारून या कुटुंबाने प्राण जगविले. अशा विपन्नावस्थेतून सावरताच, १८८१ मध्ये, मेरीला आयोवातील अंधविद्यालयात धाडण्यात आले, ही गोष्ट मला या चरित्रातील सर्वांत थोर वाटते.

२० एप्रिल १९२४ रोजी डी स्मेट येथे कॅरोलाइनबाई निवर्तल्या. हा संसार जगापुढे मांडणारे कन्या लॉरा इंगल्स वाइल्डर यांचे पहिले पुस्तक १९३२ साली प्रसिद्ध झाले.