इंदूरच्या महाराजांची ड्युसेनबर्ग

मोटारींच्या जाहिरातींत आज ‘विशेष आवृत्ति’ हा शब्द वारंवार आढळतो. एकाच साच्यांतून हजारों गाड्या काढावयाच्या, त्यांतील थोड्यांना निराळा रंग द्यावयाचा, दारावर एक पट्टी ठोकावयाची आणि किंमत वाढवावयाची, असा हा व्यवहार आहे. परंतु एक काळ असा होता कीं, अमेरिकेंतील एका अत्यंत वेगवान मोटारीची जवळजवळ प्रत्येक प्रत ही स्वतंत्र आवृत्तिच असे. त्या मोटारींपैकीं एक आपल्या मराठी इतिहासाशीं निगडित आहे. ती म्हणजे इंदूरचे महाराज दुसरे यशवंतराव होळकर यांची ड्युसेनबर्ग. श्रोतेहो, आज तिचीच हकीकत आपणांस सांगावयाची आहे.

जालन्याच्या माणसानें इंदूरच्या मोटारीची उठाठेव कां करावी, असें कोणी विचारील. त्यास उत्तर असें कीं, आमच्या जिल्ह्यांतील अंबडचा मुलूख एके काळीं होळकरांचा होता. 1818 च्या मंदसोरच्या तहानें सातपुड्याच्या दक्षिणेकडील प्रदेश त्यांच्या हातून गेला, आणि अंबड पुढें निजामाच्या राज्यांत आलें. अहिल्याबाईंचें नांव मात्र तेथें अजून घरच्या माणसाचें म्हणून घेतलें जातें. निजामाच्या मोटारीहि प्रसिद्धच आहेत. 1912 सालची त्यांची पिंवळी रोल्सरॉइस सिंहासनासारख्या बैठकीची होती. पण ती मिरवण्याची गाडी. होळकरांची ड्युसेनबर्ग ही मालकानें स्वतः हांकण्याची गाडी होती, आणि हा भेद लहान नाहीं.

ही मोटार ज्यांच्या नांवानें ओळखली जाते ते फ्रेड व ऑगस्ट ड्युसेनबर्ग हे बंधु जन्मानें जर्मन. बालपणींच ते अमेरिकेंतील आयोवा प्रांतांत आले आणि सायकलींच्या दुरुस्तीपासून त्यांनीं धंद्यास आरंभ केला. त्यांचें मन शर्यतींत होतें. 1921 सालीं फ्रान्समध्यें ल मां येथें झालेल्या ग्रां प्री शर्यतींत जिमी मर्फी या अमेरिकन चालकानें त्यांची मोटार पहिली आणली, आणि इंडियानापोलिसच्या पांचशें मैलांच्या शर्यतींत 1924, 1925 व 1927 असा तीनदां त्यांच्या गाड्यांचा जय झाला. यंत्र घडविण्यांत जितके निपुण, तितकेच हे बंधु हिशेबांत कच्चे. 1926 सालीं एरेट कॉर्ड या उद्योगपतीनें त्यांचा कारखाना विकत घेतला आणि फ्रेडला सांगितलें कीं, जगांत दुसरी नसेल अशी गाडी करून दाखव. 1928 च्या डिसेंबरांत न्यूयॉर्कच्या प्रदर्शनांत जे गाडी लोकांपुढें आली ती ‘जे’ या अक्षरानें ओळखली जाते. ओळीनें आठ सिलिंडर, प्रत्येकास चार व्हाल्व्ह, जवळजवळ सात लिटरांचें एंजिन, आणि कंपनीच्या म्हणण्याप्रमाणें 265 अश्वशक्ति! त्या दिवसांत चांगल्या म्हणविणाऱ्या पुष्कळशा मोटारींना याच्या निम्मी शक्तीहि नसे.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. कंपनी जें विकी तें एंजिन, चाकें व लोखंडी सांगाडा एवढेंच. आपण जसें कापड दुकानांतून घेतों आणि अंगरखा शिंप्याकडून शिवून घेतों, तसें गिऱ्हाईक हा सांगाडा घेई व बॉडी बांधणाऱ्या कारागिराकडे नेई. कॅलिफोर्नियांतील मर्फी, न्यूयॉर्कचे रोल्स्टन, फिलाडेल्फियाजवळचे डेरहॅम हे त्या धंद्यांतले नामांकित शिंपी. सुमारें 480 ‘जे’ सांगाडे निघाले; त्यांवर चढलेले पोषाख इतक्या परीचे कीं, दोन गाड्या शेजारीं उभ्या केल्या तर त्या एका घरच्या आहेत हें कित्येकदां पुढच्या जाळीवरूनच कळावें.

1932 मध्यें ‘एसजे’ निघाली. हिच्यांत सुपरचार्जर म्हणून एक योजना होती. लोहाराचा भाता निखाऱ्यांवर वारा फुंकतो, मग विस्तव धगधगतो. त्याचप्रमाणें एंजिनच्याच शक्तीनें गरगर फिरणारा एक पंखा सिलिंडरांत अधिक हवा कोंबतो, तिच्याबरोबर अधिक पेट्रोल जळतें आणि जोर वाढतो. 265 ची शक्ति 320 वर गेली. धूर बाहेर टाकणाऱ्या चकचकीत लवचिक नळ्या बॉनेटच्या बाजूनें बाहेर काढलेल्या असत. तीच या गाडीची खूण ठरली. अशा मोटारी सुमारें 36 च झाल्या. त्यांतहि दोनच गाड्या आंखूड सांगाड्यावर बांधल्या. एक सिनेनट गॅरी कूपर यास, दुसरी क्लार्क गेबल यास मिळाली. कूपरची गाडी 2018 सालीं लिलांवांत 2 कोटि 20 लक्ष डॉलरांस गेली. खुद्द फ्रेडला मात्र हें वैभव पाहावयास मिळालें नाहीं. 1932 च्या जुलैंत पेन्सिल्व्हेनियांत मोटार उलटून तो जखमी झाला व त्याच महिन्यांत वारला.

आतां इंदुराकडे वळूं. यशवंतरावांना गादी मिळाली तीहि एका मोटारीच्या प्रकरणांतून, असें म्हटलें तर अतिशयोक्ति होणार नाहीं. 12 जानेवारी 1925 रोजीं मुंबईंत मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याच्या मोटारीवर दुसऱ्या मोटारींतून आलेल्या टोळीनें हल्ला केला. बावला मारला गेला. त्याच्याबरोबर असलेली मुमताज बेगम ही पूर्वी इंदूर दरबारांत होती. त्याच वेळीं आपल्या मोटारींतून जाणारे कांहीं इंग्रज लष्करी अधिकारी तेथें पोंचले नसते, तर तिला पळवून नेण्याचा बेत तडीस गेला असता. खटल्याचे धागे इंदुरापर्यंत गेले आणि चौकशीला तोंड देण्यापेक्षां महाराज तुकोजीरावांनीं 1926 च्या फेब्रुवारींत गादी सोडली. यशवंतराव तेव्हां 17 वर्षांचे होते. अधिकार त्यांच्या हातीं आले ते 1930 सालीं.

विलायतेंत शिकलेला हा तरुण राजा जुन्या थाटाचा नव्हता. त्यानें माणिकबाग राजवाडा बांधविला तो एकार्ट मुथेसियुस या जर्मन वास्तुकाराकडून, पोलादी नळ्यांच्या खुर्च्या व आरशासारख्या भिंतींचा. महाराणी संयोगिताबाई कागलच्या घाटग्यांच्या कन्या. पॅरिसचे चित्रकार व फोटोग्राफर या दांपत्याचीं चित्रें काढीत. आपल्याकडे होळकर म्हटलें कीं कर्नल सी. के. नायडूंचा क्रिकेटसंघ व त्याचे चार रणजी करंडक आठवतात. पण यशवंतरावांची दुसरी आवड मोटार. हिस्पानो-सुइझा, बुगाटी, आल्फा रोमिओ, बेंटली, सगळ्या उत्तम.

ड्युसेनबर्गचा एसजे सांगाडा 1936 च्या सुमारास त्यांच्याकरितां तयार झाला, आणि तो अमेरिकेंतल्या शिंप्याकडे न जातां लंडनच्या गर्नी नटिंग या कारखान्याकडे गेला. मॅकनील या तेथील आरेखकानें त्यावर उघडी बॉडी आंखली. बॉनेट लांबच लांब, पाठीमागचा भाग निमुळता, रंग नारिंगी व काळा. आणि एवढ्या प्रचंड सांगाड्यावर बैठक अवघ्या दोघांची! माझ्या मतें या गाडीचें सौंदर्य याच उधळपट्टींत आहे. जागेची काटकसर केली असती तर ती आकृति साधली नसती. एंजिनचा क्रमांक जे-585. जाणते लोक ड्युसेनबर्ग ओळखतात त्या एंजिनच्या क्रमांकावरूनच, कारण अंगावरचे पोषाख बदलले जात.

तथापि प्रशंसा करतांना हिशेब झांकून ठेवणें मला प्रशस्त वाटत नाहीं. नुसत्या ‘जे’ सांगाड्याची किंमत 9,500 डॉलर होती. सुपरचार्जरचे निराळे आणि बॉडीचे त्याहून निराळे. सोन्याचा सरकारी दर तेव्हां औंसास 35 डॉलर. म्हणजे बॉडी नसलेल्या, रस्त्यावर आणतां न येणाऱ्या त्या लोखंडापायीं सातशें तोळ्यांहून अधिक सोनें मोजावें लागे. आमच्या गांवास ‘सोन्याचा पालना’ म्हणतात. पण इतकें सोनें एका रकमेनें पाहिलेलीं घरें जालन्यांतहि थोडींच असतील. फोर्डची नवी गाडी त्या वर्षीं अमेरिकेंत पांचसहाशें डॉलरांस मिळे. त्याच दशकांत मंदीमुळें शेतमालाचे भाव कोसळले होते, आणि संस्थानच्या तिजोरीचा मोठा आधार शेतसारा हाच होता.

पैसा खर्च झाला यापेक्षां तो कोठें गेला याचें मला अधिक वाटतें. पत्रा ठोकून त्यास बांक देणारा, कातडें शिवणारा, लांकडी चौकट जोडणारा असे हे सारे कारागीर लंडनचे. रथ, पालख्या आणि अंबाऱ्या घडविणारे लोहार, सुतार व चर्मकार माळव्यांत होतेच. त्यांच्या हातीं एक सांगाडा देऊन पाहावा असें संस्थानिकांपैकीं फारच थोड्यांना सुचलें. घडविण्याची विद्या परदेशांत राहिली, नुसती वस्तु बोटीनें आली. आणि जी वस्तु अशी येते ती तशीच परतहि जाते.

1937 सालीं ड्युसेनबर्गचा कारखाना बंद पडला. त्याच वर्षीं संयोगिताबाई स्वित्झर्लंडमध्यें निवर्तल्या. 1948 सालीं इंदूर संस्थान मध्यभारतांत विलीन झालें व 1961 च्या डिसेंबरांत यशवंतराव वारले. दरबारची ड्युसेनबर्ग देशाबाहेर गेली. जुन्या मोटारी परदेशीं नेण्यास सरकारनें पुढें बंदी घातली खरी, पण तोंवर संस्थानिकांच्या कित्येक उत्तम गाड्या निघून गेल्या होत्या. होळकरांची गाडी आतां अमेरिकेंत, नारिंगी-काळ्या रंगांतच जपलेली आहे. माणिकबागेंतील खुर्च्या-मेजें 1980 सालीं मोनाकोंत लिलांवांत निघालीं आणि 2019 सालीं त्या सामानाचें पॅरिसमध्यें मोठें प्रदर्शन भरलें. राजवाडा मात्र इंदुरांतच आहे. त्यांत आज केंद्र सरकारच्या कर खात्याची कचेरी आहे.